शेप्याची चार नंबरची फांदी

झाडावर घर बांधायचं काम माझ्याकडे कसं आलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी फिक्श्चर डिझाइन करतो. म्हणजे गाडीचे पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड होत असताना जागचे हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी एक लोखंडी चौकट असते, ती कॉम्प्युटरवर काढून द्यायची. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं मी हेच करतो आहे. त्यात मी कधी घर काढलं नाही. झाड तर शाळेतल्या चित्रकलेच्या वहीनंतर काढलेलंच नाही, आणि तेव्हाही खोड हिरवं रंगवलं म्हणून बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं.

पण आमच्या मेन्टेनन्समध्ये पूर्वी एक सुपरवायझर होता, चाकणच्या पुढच्या एका गावचा. त्याच्या घरची बरीचशी जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली. त्यानं नोकरी सोडली आणि उरलेल्या तुकड्यावर फॅमिली रिसॉर्ट काढायचं मनावर घेतलं. स्विमिंग पूल, बैलगाडीची सफर, चुलीवरचं पिठलं-भाकरी हे आता सगळ्यांकडेच असतं, म्हणून त्याला आंब्याच्या झाडावर खोली पाहिजे होती. एका आर्किटेक्टनं त्याला परदेशातले फोटो दाखवले होते, पण त्यातलं एकही झाड आंब्याचं नव्हतं. मग त्याला मी आठवलो.

"साहेब, तुमी दोन-दोन टनाची फिक्श्चर उभी करता राव," तो फोनवर म्हणाला. "चार मान्सांची खोली तुमाला काय अवघड हाय?"

या बोलण्यात कुठंतरी गफलत होती, पण ती फोनवर सापडली नाही आणि मी हो म्हणून बसलो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर दोन महिने झाले बंद आहे, तेवढा करा आणि मग खुशाल झाडावर चढा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या झाडाच्या एका फांदीवर एका म्हाताऱ्या बाईची त्या घरातली सगळी किंमत अवलंबून होती. मी ती फांदी कापायचं ठरवलं तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मी जे केलं ते मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी पिंपळे सौदागरहून गाडी काढली आणि चाकणच्या चौकात तासभर अडकून गावात पोचलो. झाड बघून जरा हबकलोच. रायवळ आंबा, जुना, खोडाला दोघांची कवळ पुरणार नाही असा. फळाला शेपूच्या भाजीसारखा वास येतो म्हणून त्याला घरात शेप्या म्हणत. दोन माणसांच्या उंचीच्याही वर खोडातून सात जाड फांद्या सात दिशांना गेल्या होत्या. एकही सरळ नव्हती. मला सरळ रेषेची आणि काटकोनाची सवय. मोजायचं कुठून आणि कुठपर्यंत, हेच कळेना. शून्य कुठं धरायचं हे ठरवण्यात माझी पहिली सकाळ गेली, आणि सुपरवायझर लांबून माझ्याकडे बघून हसत होता.

शेवटी मी कंपनीतली सवय कामाला लावली. आमच्याकडे नंबर नसलेली वस्तू नसते. माझ्या गाडीत नंबर पंच केलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यातल्या एक ते सात काढल्या. त्या तारेनं फांद्यांना बांधल्या, प्रत्येकीचा घेर, उंची आणि कोन वहीत लिहिला. चार नंबरची फांदी दक्षिणेकडे गेली होती, सगळ्यांत खाली आणि आडवी, म्हणजे मी योजलेल्या खोलीच्या बरोबर मधोमध. तिला मी पट्टीबरोबर लाल टेपही गुंडाळली. आमच्या कंपनीत लाल म्हणजे रिजेक्ट.

"ही काढली तर चालेल ना?" मी विचारलं.

त्यानं एकदा घराकडे बघितलं. "ड्रॉइंगमधी तसं येत आसंल तर काढावीच लागंल की."

हे उत्तर मला फार आवडलं. ड्रॉइंगला इतका मान देणारा माणूस मला कंपनीत बावीस वर्षांत भेटला नव्हता.

पुढच्या रविवारी उरलेली मापं घ्यायला गेलो आणि डोकं भंजाळलं. वहीत तीन नंबरचा घेर शहाण्णव सेंटिमीटर होता, झाडावर तीन नंबरचा घेर भरत होता एकाहत्तर. आंबा वाढतो हे ठाऊक होतं, आठवड्यात बारीक होतो हे नव्हतं. पुन्हा मोजलं, टेप बदलून मोजलं. एक नंबर उत्तरेला लिहिला होता, तो पश्चिमेला दिसत होता. मी खिशातून मोबाईल काढून होकायंत्र लावलं आणि पश्चिम जागेवर आहे का तेही पाहिलं. ती होती. चाळिशी ओलांडल्यावर माणसाचं असं काही होतं का, हे मी घरी परत आल्यावर बायकोला विचारणार होतो, पण तिला आयतंच निमित्त मिळालं असतं म्हणून गप्प राहिलो. सगळी मापं खोडून नव्यानं घेतली.

तिसऱ्या रविवारी झाडावर एक नंबर तीन ठिकाणी होता. एक माझा. बाकीचे दोन तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले, त्यावर खिळ्यानं ठोकून एकचा आकडा काढलेला. आणि चार नंबर कुठंच नव्हता, लाल टेपसकट गायब.

मी झाडाखाली चक्क खाली बसलो. तिथं सुपरवायझरचा एक चुलतभाऊ म्हशीला पाणी पाजत होता. कंपनीत रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. माझी अवस्था बघून त्याला दया आली असावी.

"साहेब, नंबर तुमी लावले व्हय?"

"मोजायला लावले."

"मोजायलाच लावत्यात," तो म्हणाला. "आमच्याकडं आदी मोजनीवाले आले, खुंट ठोकले, नंबर टाकले. मग जमीन गेली. आता झाडाला नंबर आले म्हनल्यावर मान्सं घाबरनारच की."

"पण तीन-तीन एक नंबर कशाला?"

"कुनी म्हनलं, एक नंबरवाल्याचा रिसॉर्टमदी पयला हिस्सा. मग ज्यानं त्यानं आपल्या फांदीला एक नंबर केला."

"आपल्या फांदीला म्हणजे?"

मग त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. शेप्या एकाच्या मालकीचा नव्हता. आजोबांच्या वेळी वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीचं पाणी वारांनी वाटलं आणि झाड फांद्यांनी. जमीन कुणाच्या वाट्याला का जाईना, फांदी ज्याची त्याची. ज्याची फांदी त्यानं आंबे उतरवायचे, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कागदावर यातलं कुठंही काही नव्हतं आणि घरातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. मी तीन रविवार सात भाऊबंदांच्या वाटणीवर नंबर ठोकत फिरत होतो आणि मला वाटत होतं, मी झाड मोजतोय.

"आणि दक्षिणेची? ती कुणाची?"

"ती काकीची," तो म्हणाला आणि म्हशीला घेऊन गोठ्याकडे गेला.

काकी जेवणाच्या वेळेला स्वतःच आली. सत्तरीची, काटक, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला. सुपरवायझरची चुलती. तिनं मूठ उघडली तर त्यात माझी चार नंबरची पट्टी, लाल टेप नीट गुंडाळून ठेवलेली.

"हे तुजं हाय ना? घे. मोडलं न्हाई मी."

मी पट्टी घेतली. ती गेली नाही.

"समद्यास्नी पांढरं, मला लाल का रं बांधलंस?"

मी एरवी सरळ उत्तर देणारा माणूस आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. मी सरळ सांगितलं, "मावशी, ती फांदी खोलीच्या मध्ये येते. ती कापायची आहे."

ती रडली नाही की चिडली नाही. झाडाखालच्या दगडावर बसली आणि मला म्हणाली, बस. मग तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला. मूलबाळ नाही. वाटणीच्या वेळी तिनं हक्कसोडपत्र करून दिलं, कारण सगळे म्हणाले तुला काय करायचीय जमीन, आम्ही आहोत. राहायला एक खोली दिली, दोन वेळची भाकरी दिली, आणि सासऱ्यानं शेप्याची ही फांदी दिली.

"कंपनीला जमीन दिली तवा समद्यांनी सह्या केल्या. घरातल्या नव्या सुनंचीबी सही लागली. माजी कुठंच लागली न्हाई. पन लोनच्याच्या दिसांत साऱ्या बाया माज्या दाराशी येत्यात. ह्या फांदीची कैरी आंबट, ती लोनच्यात मऊ पडत न्हाई. काकी, कैऱ्या देता का, म्हनून इचारत्यात. मी देते समद्यास्नी. कुनाला न्हाई म्हनत न्हाई. पन इचारत्यात रं बाबा. वर्सातनं एकदा तरी मला कायतरी इचारावं लागतं ह्या घरात."

मला लाज वाटली, कारण लाल टेप माझीच होती. मी फक्त म्हणालो, "मावशी, बघतो मी." हे वाक्य मी कंपनीत न होणाऱ्या कामांसाठी वापरतो. यावेळी मी ते मनापासून म्हणालो होतो.

सुपरवायझर संध्याकाळी भेटला. त्याला विचारलं, तुला हे माहीत होतं ना?

"साहेब, मी कापतो म्हनलं तर घरात वाजंल. ड्रॉइंगमधीच आलं तर कोन काय बोलनार? इंजिनिअरनी सांगितलंय म्हनता येतं."

तेव्हा कुठं त्या आवडलेल्या उत्तराचा अर्थ मला लागला. मी त्याच्यावर भडकलो. माझ्या ड्रॉइंगच्या आडून कुणी कुणाचा हक्क मारावा हे मला खपणार नव्हतं. चार नंबर राहणार, नाहीतर दुसरा माणूस शोध, असं मी बजावलं. तो वाईट माणूस नव्हता. डोकं खाजवून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. तुमीच काढा मार्ग."

मार्ग काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. आधी मी ड्रॉइंगमध्ये चार नंबरला खोलीच्या भिंतीतून आरपार नेलं. फांदी जिथून जाईल तिथं भिंतीला भोक, भोकाला रबराची कड. मग एका वाऱ्याच्या दुपारी शिडीवर बसून त्या फांदीला पेन्सिल लावून धरली तर ती एका झुळकीसरशी चार बोटं सरकली आणि परत आली. मी दचकलोच. माझं सगळं आयुष्य वस्तू हलू नये यासाठी गेलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी लोकांशी भांडलो आहे. इथं माझा आधारच दिवसभर डुलत होता, आणि त्याला घट्ट धरलं असतं तर एक तर घर फाटलं असतं नाहीतर झाड. महिनाभर मला काही कळत नव्हतं. जेवताना मी ताटात चमचे आडवेउभे लावून बघायचो. बायको म्हणायची, वरण गार होतंय, ते हललं तरी चालेल.

शेवटी जमलं. खोलीचा भार जमिनीतून आलेल्या लोखंडी खांबांवर घेतला. झाडाला एकाच जागी बोल्ट, बाकी ठिकाणी तुळया नुसत्या टेकलेल्या, झाडाबरोबर सरकतील अशा. खोली थोडी फिरवून उत्तरेला नेली, आणि दक्षिणेला मोठा गच्चीसारखा सज्जा काढला. चार नंबर त्या सज्ज्याच्या वरून, डोक्याच्या जरा वरून, कुठंही न लागता मोकळी जात होती. एक डहाळीही कापावी लागणार नव्हती. बाकीच्या सहा जणांच्या फांद्याही शाबूत. मला इतका आनंद आधी कुठल्याच ड्रॉइंगनं दिला नव्हता.

सुपरवायझरला कॉम्प्युटरवरचं चित्र दाखवलं तर तो खुर्चीत पुढं सरकला. "आयला, हे तर लय भारी. पाव्हनं सज्ज्यात बसनार, हात वर केला की कैरी." मी हसलो. मला त्यात काहीच खटकलं नाही.

मग प्रिंट घेऊन मी काकीकडे गेलो. तिला उलटसुलट काही कळेना, म्हणून तिचं बोट धरून कागदावर खोडापासून दक्षिणेकडे नेलं. "ही तुमची."

"ठेवली व्हय?"

"अख्खी ठेवली."

तिनं कागदावरून दोनदा हात फिरवला. मग चुलीवर गुळाचा चहा टाकला आणि मला एवढा गोड करून दिला की मी तो पाण्याचे घोट घेत संपवला. घरी येताना चाकणच्या चौकातल्या गर्दीचाही मला राग आला नाही.

मार्चमध्ये खांब उभे राहिले, एप्रिलच्या अखेरीस लाकडी काम संपलं, आणि मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्यावर रिसॉर्ट सुरू झालं. पहिल्या रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. बायकोही आली. खोलीत हिंजवडीकडच्या कुठल्याशा आयटी कंपनीतल्या माणसाचं कुटुंब उतरलं होतं. झाड वाऱ्यावर हलत होतं, घर त्याच्याबरोबर अलगद सरकत होतं, कुठं कुरकूर नाही. मी खाली उभा राहून एकेक सांधा बघत होतो आणि मनातून फुलून गेलो होतो. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, फक्त निवासी पाहुण्यांसाठी.

सज्ज्याखालच्या सावलीत काकी उभी होती. हातात झेला, लांब बांबूच्या टोकाला आंबे उतरवायची जाळी. ती वर बघत होती, पण वर तिला आता माझ्या सज्ज्याच्या फळ्या दिसत होत्या. तिची फांदी फळ्यांच्या पलीकडे होती. तिथून पाहुण्यांची मुलं कैऱ्या तोडत होती, एकमेकांना दाखवत होती, अर्धी खाऊन टाकत होती. एक खाऊन टाकलेली कैरी आमच्या पायाशी येऊन पडली.

इतकी वर्षं ती जमिनीवर उभी राहून आंबे उतरवत आली होती, आणि मी घेर मोजला, कोन मोजला, वारा मोजला, पण ती फांदीपर्यंत पोचते कशी हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी सुपरवायझरला शोधलं, तर तो एका पाहुण्याला गाडी लावायला जागा दाखवत होता. त्याला काय सांगायचं होतं मला? फांदी जागेवर होती. ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर होतं.

"बाया आल्या होत्या का लोणच्याला?" मी काकीला विचारलं.

"आल्या हुत्या. वर गेल्या, घरच्याच म्हनून सोडलं त्यास्नी. घिऊन गेल्या." तिच्या आवाजात राग नव्हता. "आता वरनंच घावत्यात."

मी काय करावं? जिना मी काढला होता, सज्जा मी काढला होता. नवीन ड्रॉइंग काढून देतो म्हणणार होतो, पण ते कुणाला द्यायचं तेच मला कळेना. बायको माझ्याकडे बघत होती. तिला मी सगळं सांगितलेलं होतं. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"मावशी," मी म्हणालो, "मला लोणच्याला चार कैऱ्या देता का?"

काकीनं झेला जमिनीला टेकवला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग बायकोकडे. कुणी काही मागितल्यावर घरातली मोठी बाई घेते तेवढा वेळ तिनं घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्या वर्सी मी कुनाला देनार न्हाई."

मी मान हलवली, आणि बायकोनंही हलवली. वर कुठल्यातरी मुलीनं आणखी एक कैरी ओढली, आणि देठ तुटल्याचा आवाज खाली आम्हा तिघांनाही ऐकू आला.